‘हेडीझ’ नावाचा खड्डा

पहिल्या महायुद्धातील एक छायाचित्र आहे. तोंडावर वायुरोधक मुखवटा चढवलेला एक सैनिक एका खड्ड्याच्या काठाशी उभा आहे आणि त्याच्यापाशी मोठाले बुधले दिसत आहेत. छायाचित्रातील सार्जंट मॉरर यांनी त्याच्या पाठीवर १९१८ साली काही ओळी लिहून ठेवल्या होत्या. त्यांचा आशय असा की, या आवारातील सर्वांत भीतिदायक आणि म्हणूनच सर्वांत दबदबा असलेली जागा ती हीच. बुधल्यांत मस्टर्ड भरलेले असून ते येथे नष्ट करायचे आहे. या भागाला ‘डेथ व्हॅली’ म्हणतात आणि खड्ड्याचे नाव ‘हेडीझ’.

हेडीझ म्हणजे ग्रीक पुराणातील मृतांचा अधोलोक. साहित्याच्या विद्यार्थ्याला येथे प्रथम दिसेल ते रूपक. आम्हांला मात्र या ओळींत रूपकाहून अधिक रस आहे तो त्यांच्या काटेकोरपणात. बुधल्यांत काय आहे, त्याचे काय करायचे आहे, जागेला काय म्हणतात, हे सारे त्या सैनिकाने नोंदवले. एक गोष्ट तेवढी राहिली: ही जागा नेमकी कोठे आहे. त्याला ते लिहिण्याची गरज वाटली नसावी, कारण तेव्हा ते सर्वांनाच ठाऊक होते. पुढची शंभर वर्षे जो घोळ चालला तो या न लिहिलेल्या गोष्टीचा आहे.

हे आवार म्हणजे वॉशिंग्टन शहराच्या वायव्य भागातील अमेरिकन युनिव्हर्सिटी. मेथडिस्ट पंथाचे बिशप जॉन फ्लेचर हर्स्ट यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या या विद्यापीठाला १८९३ मध्ये अमेरिकी काँग्रेसने सनद दिली. पैशाअभावी काम रखडले. पहिली इमारत उभी राहिली ती ‘कॉलेज ऑफ हिस्टरी’ची, म्हणजे इतिहासाची, दुसऱ्या इमारतीची, मॅकिन्लीच्या नावाच्या, कोनशिला १९०२ मध्ये थिओडोर रूझवेल्ट यांनी बसवली. प्रत्यक्ष उद्घाटनाला १९१४ साल उजाडले. त्या वर्षीच्या मे महिन्यात अध्यक्ष वुड्रो विल्सन उद्घाटनाला आले. स्वतः प्राध्यापक राहिलेला आणि एका विद्यापीठाचे प्रमुखपद भूषवलेला हा माणूस. तीनच वर्षांनी, एप्रिल १९१७ मध्ये, त्याच विल्सन यांनी युद्धात उतरण्याचा निर्णय घेतला, आणि विद्यार्थी थोडे, मोकळी जमीन पुष्कळ, अशा स्थितीतील विद्यापीठाने आपले आवार सरकारला देऊ केले. यात देशभक्ती होती आणि व्यवहारही. दोन अर्धवट इमारती असलेल्या संस्थेला सरकारी खर्चाने बांधून मिळणाऱ्या सोयी नको होत्या असे कोण म्हणेल?

वायूंचे संशोधन प्रथम सोपवले गेले ते लष्कराकडे नव्हे, तर खाण खात्याकडे. वरवर विचित्र वाटणाऱ्या या गोष्टीचे कारण सरळ आहे. खाणीतील विषारी वायू आणि त्यांपासून बचाव करणारे मुखवटे यांचा अनुभव अमेरिकेत याच खात्याला होता. एप्रिल १९१५ मध्ये जर्मनांनी ईप्रच्या रणभूमीवर क्लोरीन सोडल्यापासून हा विषय सर्व देशांच्या सेनाधिकाऱ्यांना छळत होता. बचावाचे संशोधन म्हणून सुरू झालेले काम लवकरच हल्ल्याचे झाले. विष ठाऊक असल्याशिवाय मुखवटा पारखता येत नाही, हा युक्तिवाद तेव्हापासून आजतागायत चालत आला आहे. जून १९१८ अखेर लष्कराची स्वतंत्र रासायनिक युद्धसेवा स्थापन झाली आणि जनरल विल्यम सिबर्ट यांच्या हाताखाली हे केंद्र गेले. युद्ध संपताना तेथे बाराशेवर तंत्रज्ञ व सातशे मदतनीस काम करीत होते. इतिहासाच्या इमारतीत आणि मॅकिन्ली इमारतीत प्रयोगशाळा थाटल्या होत्या. सभोवती लाकडी छपऱ्या उभ्या राहिल्या. पलीकडच्या शेतांत खंदक खोदून त्यांत कुत्री आणि बकऱ्या बांधल्या जात व त्यांच्यावर तोफगोळे फोडून परिणामांच्या नोंदी घेतल्या जात. ऑगस्ट १९१८ मध्ये एका अपघातात विषारी ढग आवाराबाहेर पडला आणि शेजारी राहणारे माजी सिनेटर नेथन स्कॉट व त्यांच्या घरातील माणसांना त्याची बाधा झाली. थोडक्यात, शेजाऱ्यांना काहीच ठाऊक नव्हते असे म्हणता येत नाही. निदान तेव्हाच्या शेजाऱ्यांना तरी ठाऊक होते.

या केंद्राशी जोडलेले सर्वांत कुप्रसिद्ध रसायन म्हणजे लुइसाइट. त्याची कुळकथा सांगण्यासारखी आहे. ज्युलियस न्यूलँड नावाचा एक तरुण धर्मोपदेशक वॉशिंग्टनच्याच कॅथलिक युनिव्हर्सिटीत ॲसिटिलीन वायूवर प्रबंध लिहीत होता. १९०४ साली पूर्ण झालेल्या त्या प्रबंधात आर्सेनिक ट्रायक्लोराइडशी केलेल्या एका प्रयोगाची नोंद होती. त्यातून निघालेल्या पदार्थाने न्यूलँड इतके आजारी पडले की त्यांनी तो नाद सोडला. प्रबंध कपाटात गेला. चौदा वर्षांनी विन्फर्ड ली लुइस नावाचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक, आता कॅप्टन लुइस, त्याच विद्यापीठात लष्करासाठी काम करीत असताना त्यांच्या नजरेस हा प्रबंध आणून देण्यात आला, आणि ज्या परिच्छेदाने लेखकाला घाबरवले त्याच परिच्छेदाने वाचकाला वाट दाखवली. जिरेनियमच्या फुलासारखा वास असलेले हे द्रव कातडी जाळते, फुप्फुसे जाळते आणि शरीरात सोमल सोडते. ‘मृत्यूचे दव’ हे त्याचे टोपणनाव. त्याच्या उत्पादनाची व्यवस्था ओहायो राज्यातील विलोबी येथे गुप्तपणे उभारण्यात आली आणि ती पाहण्यासाठी नेमलेला मनुष्य होता पंचविशीतला जेम्स कोनंट. नोव्हेंबर १९१८ मध्ये युद्धविराम झाला आणि लुइसाइट रणांगणावर पोहोचलेच नाही.

न्यूलँड यांच्या ॲसिटिलीनवरील पुढील कामातून निओप्रीन हे कृत्रिम रबर निघाले. कोनंट हार्वर्डचे अध्यक्ष झाले, दुसऱ्या महायुद्धात अणुबाँबच्या प्रकल्पाच्या सूत्रधारांपैकी एक झाले. १९७० साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्यांनी विषवायूबद्दल पश्चात्ताप दाखवलेला नाही. स्फोटक गोळ्याने माणसाची आतडी बाहेर काढणे हे वायूने त्याची फुप्फुसे वा कातडी जाळण्यापेक्षा अधिक नैतिक का मानावे, असा त्यांचा सवाल होता. हा सवाल उडवून लावण्यासारखा नाही, असे आम्हांला वाटते. पण त्याला एक उत्तर आहे, आणि ते अनुभवाचे आहे. स्फोटक गोळा बहुधा ज्या दिवशी फुटतो त्या दिवशी आपले काम संपवतो. सोमल संपत नाही. तो मूलद्रव्य आहे, त्याचे विघटन होत नाही; ज्या युद्धासाठी तो आणला ते युद्ध, ज्यांनी आणला ती माणसे, ज्यांच्यावर टाकायचा होता ते सैन्य, सारे गेल्यावरही तो मातीत तसाच राहतो.

युद्ध संपताच निकड संपली. काम मेरीलँडमधील एजवुड येथे हलवण्यात आले. विषाने माखलेल्या काही छपऱ्या जाळण्यात आल्या. नेण्याजोगे नेले, उरलेले, म्हणजे गोळे, बुधले, काचसामान, पिंपे, तेथेच पुरले. त्या काळच्या दृष्टीने यात लपवाछपवी होती असे नाही. नकोशी वस्तू पुरणे ही तेव्हाची रूढ पद्धत होती. ‘झाले गेले गंगेला मिळाले’ ही आपली म्हण ज्या विश्वासावर उभी आहे, तोच विश्वास तेथे मातीवर होता.

१९२१ या एकाच वर्षातील दोन मजकूर येथे शेजारी ठेवण्यासारखे आहेत. रासायनिक युद्धसेवेचे प्रमुख एमॉस फ्राइज यांनी क्लॅरेन्स वेस्ट यांच्यासह लिहिलेला जाडजूड ग्रंथ त्या वर्षी प्रसिद्ध झाला. त्यात या केंद्रातील प्रयोगांचे अभिमानाने वर्णन आहे, किती माणसे, कोणते विभाग, कोणती रसायने. शेवटी काय उरले आणि ते कोठे ठेवले, याकडे त्याचे लक्ष नाही. दुसरा मजकूर विद्यापीठाच्या ‘कुरियर’ या लहानशा पत्रातला. त्यात म्हटले होते की, आवाराच्या दूरच्या टोकाला खोल खड्डा खणून लाखो डॉलर किमतीचा दारूगोळा पुरण्याची परवानगी देण्यात आली. ग्रंथ ग्रंथालयांत गेला, अभ्यासकांनी वाचला. ‘कुरियर’चा अंक दप्तरात पडला. इतिहासाचे साधन म्हणून ग्रंथाची प्रतिष्ठा मोठी. पण पुढे ज्यांच्या अंगणाचा प्रश्न होता त्यांच्या उपयोगाची ओळ होती ती त्या क्षुल्लक पत्रात.

दरम्यान शेते विकली गेली आणि १९२० च्या दशकापासून तेथे स्प्रिंग व्हॅली ही टुमदार वस्ती उभी राहू लागली. रिचर्ड निक्सन, लिंडन जॉन्सन, थोरले जॉर्ज बुश हे सारे अध्यक्षपदाआधी कधी ना कधी येथे राहिले. या वस्तीतील खरेदीखतांत एक कलम असे. कृष्णवर्णीय आणि ज्यू यांना हे घर विकता वा भाड्याने देता येणार नाही, असे ते कलम. निक्सन यांच्या १९५१ च्या खतातही ते होते. जमिनीवर कोणी पाऊल ठेवायचे नाही याची इतकी दक्षता घेणाऱ्या त्या कागदांत जमिनीखाली काय आहे याचा उल्लेख नव्हता. वकिलांना एक बाब महत्त्वाची वाटली, दुसरी कोणी सांगितलीच नाही.

१९८६ मध्ये नव्या बांधकामाच्या निमित्ताने विद्यापीठाने जुने दप्तर चाळले आणि ‘कुरियर’मधील मजकूर वर आला. विद्यापीठाने लष्कराला विचारले. लष्कराने कागद तपासले, जुनी हवाई छायाचित्रे पाहण्यात आली, आणि दारूगोळा पुरल्याचा निश्चित पुरावा नाही असा निष्कर्ष निघाला. रहिवाशांना यातले काहीच सांगितले गेले नाही. ‘पुरावा नाही’ आणि ‘पुरलेले नाही’ ही दोन विधाने किती सहज एकमेकांच्या जागी बसतात, याचे याहून चांगले उदाहरण आमच्या पाहण्यात नाही.

५ जानेवारी १९९३ रोजी स्प्रिंग व्हॅलीतील एका नव्या घराच्या परिसरात वाहिन्यांसाठी चर खणत असताना ठेकेदाराच्या यंत्राला जुने तोफगोळे लागले. घरे रिकामी करण्यात आली, सैनिक आले आणि महिनाभरात १४१ गोळे व तत्सम वस्तू काढण्यात आल्या. त्यांपैकी ४३ रासायनिक असल्याचा संशय होता. त्यानंतर दोन वर्षे पाहणी चालली. १९१८ च्या हवाई छायाचित्रांवरून संशयास्पद जागा हेरण्यात आल्या. त्यांना सरकारी भाषेत ‘पॉइंट्स ऑफ इंटरेस्ट’ म्हणत, जणू पर्यटकांसाठीच यादी केली आहे. १९९५ मध्ये लष्कराने जाहीर केले की आता आणखी काही करण्याची गरज नाही.

पुढे जे घडले ते साहित्याच्या वर्गात सांगण्याजोगे आहे, कारण ते वाचनाविषयी आहे. शहराच्या प्रशासनातील पर्यावरण विभागाच्या तज्ज्ञांनी लष्कराचा अहवाल, नकाशे आणि छायाचित्रे पुन्हा पाहिली. एका खड्ड्याची जागा लष्कराने चुकीची ठरवली आहे, असे त्यांचे म्हणणे पडले. खड्डा कागदावर दाखवला होता त्याहून सुमारे दीडशे फुटांवर असायला हवा. लष्कराने प्रथम मानले नाही, मग १९९८ च्या सुमारास मान्य केले. सुधारलेल्या जागी ग्लेनब्रुक रस्त्यावर दक्षिण कोरियाच्या राजदूतांचे निवासस्थान होते. तेथे १९९९ ते २००० या काळात खणल्यावर दोन खड्डे आणि सहाशेहून अधिक वस्तू निघाल्या. काही गोळ्यांत मस्टर्ड अजून द्रवरूपात होते. एका छायाचित्रातील ठिपक्याचा अर्थ लावताना झालेली चूक म्हणजे प्रत्यक्षात एक अंगण सोडून दुसरे अंगण. पाठचिकित्सेत आपण पाठभेदांवर वाद घालतो, कोणाचे प्राण त्यावर अवलंबून नसतात, येथे होते. आणि मूळ कागद पुन्हा उघडण्याचे श्रम ज्याने घेतले तो त्या कागदाचा मालक नव्हता, हेही लक्षात घेतले पाहिजे.

ग्लेनब्रुक रस्त्यावरच विद्यापीठाच्या अध्यक्षांचे घर होते. १९९६ मध्ये तेथे झाड लावण्यासाठी खड्डा करणाऱ्या बागकामाच्या मजुरांना काचेचे तुकडे लागले, उग्र वास आला, डोळ्यांची आग झाली. या साऱ्या प्रकरणात जमिनीशी प्रथम गाठ पडली ती बहुतेक वेळा मजुरांचीच. चर खणणारे, झाडे लावणारे, पाया घालणारे. वस्तीच्या बैठकांत घरमालक बोलले, वकील बोलले, सेनाधिकारी बोलले. या मजुरांची साक्ष अहवालांच्या कडेला एखाद्या ओळीत आढळते. एवढे मोठे दप्तर जमले, तरी त्यात त्यांचा आवाज असा जवळजवळ नाहीच.

जानेवारी २००१ मध्ये विद्यापीठाच्या बालसंगोपन केंद्राच्या आवारातील मातीत आर्सेनिकचे प्रमाण फार आढळल्याने ते केंद्र बंद करावे लागले. मुलांच्या केसांची तपासणी झाली, सुदैवाने त्यांत चिंताजनक काही निघाले नाही. पण आता प्रश्न खड्ड्यांचा राहिला नव्हता, सबंध मातीचा झाला होता. सुमारे ६६१ एकरांतील दीड हजारांवर मालमत्तांची माती तपासण्यात आली आणि दशलक्ष भागांत वीस भागांहून अधिक सोमल असेल तेथील माती काढून नवी घालण्याचे ठरले. २००१ च्या जुलैत काँग्रेसच्या समितीपुढे सुनावणी झाली. १९८६ मध्ये कोणाला काय माहीत होते याचा छडा तेथे लागू लागला. न्यायालयात मात्र निराळेच झाले. विष पुरण्याचा निर्णय आणि नंतर इशारा न देण्याचा निर्णय हे दोन्ही शासनाच्या धोरणात्मक विवेकाधिकारात येतात, म्हणून त्यांबद्दल भरपाईचा दावा चालत नाही, असा निवाडा अपील न्यायालयाने २००४ मध्ये दिला. कायद्याच्या चौकटीत तो बरोबर असेलही. आम्ही तो असा वाचतो की, न सांगणे हेही एक धोरण असू शकते हे न्यायालयाने कबूल केले.

आरोग्याच्या प्रश्नाचे उत्तर तेवढे नाट्यमय नाही. जॉन्स हॉपकिन्सच्या अभ्यासकांनी २००७ मध्ये काढलेला निष्कर्ष असा की, वस्तीचे एकंदर आरोग्य चांगले आहे, राष्ट्रीय सरासरीहूनही चांगले. ज्यांना आपल्या घरातील आजारपणाचे कारण अंगणात दिसत होते त्यांचे यातून समाधान झाले नाही. श्रीमंत वस्ती निरोगीच असते. तिच्यातील विषाचा ठसा सरासरीत सहज लपतो. अभ्यासकांनी तुलनेसाठी तितकेच सधन पोटोमॅक घेतले ते त्यासाठीच. आम्ही या वादात बाजू घेणार नाही. थोड्या माणसांच्या वस्तीत दुर्मिळ आजारांचे गणित निर्णायक होत नाही, एवढेच म्हणू.

राजदूतांच्या निवासाशेजारचे घर मात्र पाडावेच लागले. तेथे २००७ पासूनच्या खोदकामात काचसामान व लुइसाइटचे अंश निघत होते. मार्च २०१० मध्ये धूर ओकणारे एक काचपात्र निघाले, त्यात आर्सेनिक ट्रायक्लोराइड होते. काम थांबले. विटांचे ते देखणे घर २०१२ च्या अखेरीस जमीनदोस्त करून मोठ्या बंदिस्त तंबूखाली, हवा गाळून बाहेर सोडीत, खणणे सुरू झाले. ऑगस्ट २०१७ मध्ये सात कामगारांना बाधेच्या संशयाने रुग्णालयात न्यावे लागले. २०२१ पर्यंत जागा पूर्ववत करण्यात आली. मॉरर यांचा ‘हेडीझ’ तो हाच, असे बरेच जण मानतात. काही मानत नाहीत.

हे सारे परक्या देशातले असले तरी धागे आपल्याकडेही येतात. एप्रिल १९१५ मध्ये ईप्र येथे वायूला तोंड देणाऱ्यांत हिंदी सेनेची लाहोर डिव्हिजन होती. जमादार मीर दस्त यांना तेथील शौर्याबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला आणि वायूची बाधाही झाली. पुढे ब्रिटिशांनी रावळपिंडीत हिंदी सैनिकांवर मस्टर्डच्या चाचण्या घेतल्या, हे २००७ मध्ये कागदपत्रांतून उघड झाले. स्वतंत्र भारतानेही मस्टर्डचा साठा केला होता. रासायनिक अस्त्रबंदी करारानुसार तो जाहीर करून २००९ पर्यंत नष्ट करण्यात आला. आणि अगदी निराळा धागा म्हणजे एका नेच्याचा. टेरिस विट्टाटा हा नेचा मातीतील सोमल शोषून पानांत साठवतो, हे फ्लोरिडातील संशोधकांनी २००१ मध्ये दाखवले. जुन्या झाडांची मुळे न दुखावता माती निवळावी म्हणून स्प्रिंग व्हॅलीच्या काही अंगणांत २००४ पासून तो लावण्यात आला. हाच नेचा आपल्याकडे जुन्या वाड्यांच्या नि किल्ल्यांच्या चुनेगच्ची भिंतींतून उगवलेला दिसतो. पुष्कळ सोमल प्यालेली त्याची पाने कापून, विषारी कचरा म्हणून, दुसरीकडे न्यावी लागतात.

रासायनिक अस्त्रबंदीचा तो करार पॅरिसमध्ये सहीसाठी खुला झाला १३ जानेवारी १९९३ रोजी, म्हणजे स्प्रिंग व्हॅलीतील यंत्राला गोळे लागल्यानंतर आठच दिवसांनी. त्या करारात एक तरतूद आहे. १९७७ पूर्वी आपल्याच भूमीत पुरलेली आणि पुरलेलीच राहिलेली अस्त्रे जाहीर वा नष्ट करण्याची सक्ती राष्ट्रांवर नाही. बाहेर काढली, की ती अस्त्रे ठरतात. अमेरिकेने आपला जाहीर साठा जुलै २०२३ मध्ये संपवला. जमिनीतला त्यात मोजलेला नाही.